वाचनमंडळाचे पुढचे पुस्तक

(केंद्रांतील वाचनमंडळे चालविणाऱ्या शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचनमंडळ स्थापन करणे फारसे अवघड नाही. केंद्रातील दहा-बारा शिक्षक एकत्र येतात, महिन्यातील एक दिवस ठरतो, कोणीतरी उत्साहाने पहिल्या पुस्तकाच्या चार प्रती आणतो आणि पहिली बैठक चांगली रंगतेही. अवघड क्षण येतो तो त्या बैठकीच्या अखेरीस. चहाचे पेले गोळा होत असतात, कोणाची एस. टी. चुकावयाच्या बेतात असते, आणि तेवढ्यात प्रश्न निघतो, "मग पुढच्या महिन्याला काय?" या प्रश्नाला उभ्या-उभ्या जे उत्तर दिले जाते, त्यावर मंडळाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. बहुतेक मंडळे मोडतात ती दोन पुस्तकांच्या मधल्या याच जागेत.

हे नुकसान वरवर पाहता लहान वाटते. एक मंडळ बंद पडले म्हणून शाळेला कुलूप लागत नाही. परंतु दोनशिक्षकी शाळेतील शिक्षकाचा दिवस कसा जातो हे ध्यानात घेतले म्हणजे या नुकसानीची खोली कळते. दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र सांभाळणे, हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, मोबाइलवरून तातडीने पाठवावयाची माहिती, मध्येच निवडणुकीचे काम. या सर्वांत स्वतःच्या व्यवसायाविषयी, मुलांविषयी, माणसांविषयी मोकळेपणाने बोलावे असे समवयस्क माणूस त्याला क्वचितच भेटते. कित्येकांनी अथपासून इतिपर्यंत वाचलेले शेवटचे पुस्तक अध्यापक विद्यालयाच्या परीक्षेचे असते. अशा शिक्षकाने मुलांना "वाचा, वाचा" म्हणून कितीही सांगितले, तरी मुले शब्दांपेक्षा माणसाकडे अधिक पाहतात. गुरुजींच्या पिशवीत पुस्तक आहे की नाही, हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते. यास्तव मंडळाचे पुढचे पुस्तक हा अखेर शाळेचाच प्रश्न होय.

आता पुस्तक ठरविण्याच्या रूढ रीती पाहू जाता त्या साधारणपणे चार आढळतात. पहिली रीत वडीलधाऱ्यांच्या शब्दाची. केंद्रप्रमुख किंवा ज्येष्ठ मुख्याध्यापक एक नाव सुचवितात आणि बाकीचे मान डोलावतात. नाव बहुधा चांगलेच असते. परंतु मान डोलावणारा वाचतोच असे नाही. दुसरी रीत पारितोषिकाची. ज्या ग्रंथाला मोठा पुरस्कार मिळाला तो घ्यावा, म्हणजे निवडीची जबाबदारी आपोआप दुसऱ्यावर जाते. तिसरी रीत कपाटाची. जे हाताशी आहे ते वाचावे, मग ते कोणालाही नको असले तरी चालेल. चौथी रीत हात वर करण्याची. तीत सातांना एक पुस्तक हवे असते, पाचांना नको असते, सात जिंकतात आणि पुढील बैठकीस सातच येतात. या चारही रीतींत एक दोष समान आहे. पुस्तक बाहेरून येते. मंडळात जे बोलणे झाले त्याच्याशी त्याचे काही नाते नसते.

चांगल्या निवडीचे सूत्र याच्या उलट आहे. पुढचे पुस्तक मागच्या बैठकीच्या पोटातून यावे. ज्या प्रश्नाचे उत्तर न मिळताच मंडळी उठली, तो प्रश्न ज्या पुस्तकात पुढे चालतो ते पुस्तक पुढचे.

हे सूत्र उदाहरणाने स्पष्ट करणे बरे. समजा, एखाद्या मंडळाने पहिले पुस्तक म्हणून साने गुरुजींचे 'श्यामची आई' वाचले. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या या लेखकाने ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बहुतेकांनी ते लहानपणी वाचलेले किंवा ऐकलेले असते. वयाच्या चाळिशीत ते पुन्हा वाचताना डोळे पाणावतात तसे प्रश्नही पडतात. बैठकीत डोळे पाणावणे लवकर आटोपते आणि एखादी शिक्षिका विचारते, "श्यामला आई होती. ज्या मुलाची आई पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात असते, त्याला घडवावे कोणी?" त्यावर कोणी म्हणतो, शाळेने, कोणी म्हणतो, गावाने, आणि बैठक संपते.

या ठिकाणी दोन मोह संभवतात. मातृप्रेमाचेच दुसरे एखादे पुस्तक घ्यावे हा पहिला. आता पुष्कळ रडून झाले, काहीतरी विनोदी घ्यावे हा दुसरा. दोहोंतही तो उरलेला प्रश्न टाकून दिला जातो. परंतु त्या प्रश्नाला धरूनच शोध केला, तर व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' ही कादंबरी आपोआप समोर येते. माणदेशातील धनगरांची लहानशी वस्ती, तेथे नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर आणि मुलांविना पडलेली शाळा. मास्तर शाळा भरवितो. पण त्याबरोबर लोकांची पत्रे लिहितो, त्यांची नाना कामे अंगावर घेतो, भांडणांत पडतो, तालीम बांधण्याच्या खटपटीला लागतो. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरे मरतात आणि वस्ती उठून जाते.

हे पुस्तक शिक्षकांच्या मंडळात वाचले गेले म्हणजे मतभेद झाल्यावाचून राहत नाही, आणि तेच त्याचे मोठे बळ आहे. एक जण म्हणेल, तालीम बांधणे हे मास्तराचे काम नव्हे. त्याने अक्षरे शिकवावीत. दुसरा म्हणेल, वस्तीने मास्तराला आपला मानल्यावाचून मुले शाळेत आलीच नसती. ज्याच्या शाळेतील मुले दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, तो शिक्षक शेवटच्या पानांविषयी जे बोलेल ते शहराजवळच्या शिक्षकाला सुचणारही नाही. त्याने स्वतः ती रिकामी बाके पाहिलेली असतात. पुस्तक सर्वांचे एकच, परंतु प्रत्येकाने ते आपापल्या गावातून वाचलेले; मंडळाचे प्रयोजन याहून वेगळे काय असते?

'बनगरवाडी'च्या बैठकीतूनही प्रश्न उरेल. गावाचे दुष्काळ, स्थलांतर शिक्षकाच्या हाती नसते. मग शाळेच्या चार भिंतींत जे त्याच्या हाती आहे ते कोणते? येथे गिजुभाई बधेका (१८८५ ते १९३९) यांचे 'दिवास्वप्न' पुढे येते. मूळ गुजरातीतील हे पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करणाऱ्या शिक्षकाची ती गोष्ट आहे. शांततेच्या खेळाने आरंभ करावा म्हणून तो वर्गात जातो आणि मुले गलका करून त्याचा बेत उधळून लावतात. मग तो गोष्टींचा आधार घेतो. शिक्षणशास्त्राचे पुस्तक म्हटले की जांभई देणारा शिक्षकही या पहिल्या दिवसाच्या फजितीपाशी थांबतो, कारण ती फजिती त्याच्या परिचयाची असते.

त्यापुढे प्रश्न येतो तो वर्गात पोहोचूच न शकणाऱ्या मुलाचा. आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) शेतातील कामासाठी मुलाला शाळेतून ओढून काढणारा बाप आहे आणि शिकण्यासाठी जिवाच्या कराराने झगडणारा मुलगा आहे. १९९० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. पण मंडळाने ते त्यासाठी घेऊ नये, तो मुलगा शिक्षकाला आपल्या वर्गाच्या दाराशी दिसू लागला आहे म्हणून घ्यावे. आणि त्याहीनंतर, मंडळाला परस्परांचे कटू बोल ऐकण्याची सवय झाली म्हणजे, 'प्रिय बाई' घ्यावयास हरकत नाही. इटलीतील बार्बियाना या डोंगरी खेड्यात लोरेन्झो मिलानी नावाच्या धर्मोपदेशकाने चालविलेल्या शाळेतील आठ मुलांनी शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. गरिबांची मुले नापास होतात त्यात शाळेचा वाटा किती, असा सरळ जाब त्यात विचारलेला आहे. पहिल्याच महिन्यात हे पुस्तक हाती पडले तर मंडळी बचावाला उभी राहतील: पट केवढा, खोल्या किती, पालक कसे. पाचव्या महिन्यात तेच पुस्तक वाचताना कदाचित एखादा म्हणेल, "यातले एक वाक्य माझ्याविषयी आहे." पुस्तक तेच, मंडळाची तयारी निराळी. कोणते पुस्तक चांगले, याइतकाच ते कोणत्या वेळी हा विचार महत्त्वाचा असतो तो यामुळेच.

हाच क्रम सर्वांनी जसाच्या तसा उचलावा असा याचा अर्थ नाही. आदिवासी भागातील मंडळाच्या बैठकीत मुलांच्या घरच्या बोलीचा प्रश्न निघेल आणि त्याची वाट अनुताई वाघ यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनाकडे जाईल. दुसऱ्या मंडळात कोणी विचारील, खोडकर म्हणून शाळेतून काढून टाकलेल्या मुलाचे पुढे काय होते? त्याला तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'मधील मुख्याध्यापक भेटतील. पहिल्या भेटीत त्या मुलीचे बोलणे संपेपर्यंत, म्हणजे सुमारे चार तास, ते नुसते ऐकत बसले. क्रम मंडळागणिक बदलतो. रीत तेवढी राहते.

आता व्यवहाराकडे वळावयास हवे, कारण विचाराने योग्य ठरलेले पुस्तक हिशेबाने चुकू शकते. समजा सभासद १२ आणि प्रती ४. म्हणजे एका प्रतीमागे वाचक ३, आणि ३० दिवसांच्या महिन्यात प्रत्येकाच्या वाट्याला दिवस १०. पुस्तक १५० पानांचे असेल तर रोज १५ पाने होतात. ४०० पानांचे असेल तर रोज ४० पाने वाचावी लागतील, आणि तेवढी पाने शाळेच्या दिवसांत क्वचितच कोणाची होतात. प्रती दोनच असतील तर दिवस पाचच मिळतात. असा हिशेब फळ्यावर मांडला म्हणजे पुष्कळसे वाद आपोआप मिटतात. जाड पुस्तक दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीवर ठेवावे. सत्रपरीक्षेच्या महिन्यात दोन-तीन कथा किंवा एखादा दीर्घ लेख पुरे.

या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी. घरचा स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी आणि मुलांचा अभ्यास आटोपून जी शिक्षिका रात्री साडेनऊला पुस्तक उघडते, तिची पाने आणि पारावर बसून वाचणाऱ्याची पाने सारखी नव्हेत. मंडळाचा वेग ज्याला सर्वांत कमी फुरसत त्याच्या वेगाने ठरवावा. तसेच ज्याला प्रत महिन्याच्या आरंभी मिळाली, तो बैठकीपर्यंत अर्धे विसरलेला असतो. त्याने वाचतानाच खटकलेल्या-आवडलेल्या जागा एका कागदावर टिपून ठेवाव्यात, आणि पुढील खेपेस त्याचा क्रम शेवटचा लावावा.

प्रतींचा प्रश्न वाटतो तितका बिकट नसतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने राज्यात ग्रंथालयांची मालिका उभी राहिली. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या शासनमान्य ग्रंथालयाला महिनाभर आधी कळविले, तर एखादी-दुसरी प्रत तेथून मिळू शकते. ज्या लेखकाच्या निधनाला ६० वर्षे होऊन गेली, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर आपल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क उरत नाही. साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून त्यांची अशी पुस्तके २०११ पासून कोणासही छापता येतात. ती स्वस्तात मिळतात आणि मोबाइलवरही वाचता येतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चीही हीच गोष्ट. अलीकडच्या लेखकांच्या संपूर्ण पुस्तकाच्या छायाप्रती काढणे मात्र शिक्षकाला शोभणारे नाही. तेथे वर्गणी काढून दोन प्रती विकत घ्याव्यात आणि वर्षाअखेर त्या एखाद्या शाळेच्या कपाटात जमा कराव्यात.

निवडीच्या बाबतीत सर्वांत नाजूक भाग अजून राहिला आहे. 'झोंबी' किंवा दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) यांसारखे पुस्तक मंडळासमोर येते, तेव्हा बारा सभासदांपैकी एखाद्याचे बालपणच त्या पानांत असण्याचा संभव असतो. उपासमार, मागून आणलेले अन्न, वर्गाबाहेर बसणे हे कोणासाठी साहित्य असते, कोणासाठी आठवण. म्हणून अशी पुस्तके टाळावीत काय? मुळीच नाही. ती टाळणे म्हणजे त्या सभासदाला त्याचे जगणे मंडळात आणण्याजोगे नाही असे सांगणे होय. परंतु त्याच्याकडे वळून, "तुमच्याकडेही असेच होते का हो, सर?" असे विचारणे हाही तितकाच मोठा अपराध आहे. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. त्याला बोलावेसे वाटले तर तो बोलेल. वाटले नाही तर इतरांप्रमाणे भाषेविषयी, प्रसंगांविषयी, लेखकाच्या निवेदनाविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार आहे. चर्चा पुस्तकाची व्हावी, माणसाची नव्हे, एवढे पथ्य पाळले म्हणजे कोणतेही पुस्तक मंडळाला जड जात नाही.

प्रत्यक्ष निवड कशी करावी, याविषयी अनुभवास उतरलेली साधी पद्धत अशी. बैठकीची शेवटची वीस मिनिटे निवडीसाठी राखून ठेवावीत. ती चर्चेच्या ओघात खर्चू नयेत. आरंभी चालकाने उरलेला प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहावा. मग ज्यांना सुचवावयाचे असेल त्यांनी, जास्तीत जास्त तिघांनी, एकेक पुस्तक सुचवावे. सुचविणाऱ्याने ते पुस्तक आधी वाचलेले असावे, त्याचे एक पान मोठ्याने वाचून दाखवावे आणि दोन गोष्टी सांगाव्यात: हे पुस्तक फळ्यावरच्या प्रश्नाला कोठे भिडते, आणि वाचणाऱ्याला ते कोठे जड जाईल. केवळ गुण सांगणारा पुस्तक विकत असतो. अडचण सांगणाऱ्यावर मंडळाचा विश्वास बसतो.

यानंतर मत विचारताना सर्वांत नव्या शिक्षकापासून आरंभ करावा आणि केंद्रप्रमुखांनी सर्वांच्या शेवटी बोलावे. हा क्रम उलटा झाला तर एकच मत बारा वेळा ऐकावयास मिळते. जो संकोचाने बोलत नाही त्याने चिठ्ठी लिहावी. चिठ्ठीत काय वाचावेसे वाटते यासोबत कोणते पुस्तक आपल्याकडून पुरे होणार नाही हेही लिहिण्यास जागा असावी. पहिल्या उत्तरात माणसे पुष्कळदा लौकिकाचे नाव लिहितात. दुसऱ्या उत्तरात ती खरे बोलतात. ज्या पुस्तकाला फार जण प्रथम क्रमांक देतात त्यापेक्षा ज्याला कोणाचाच नकार नाही ते पुढच्या महिन्यासाठी बरे. मात्र सदैव नकार टाळत गेल्यास मंडळ गोड-गोड पुस्तकांतच अडकून पडते. म्हणून वर्षातून दोन पुस्तके अशी असावीत की ज्यांना विरोध होता, आणि विरोध करणाऱ्यालाच चर्चेचा आरंभ करण्याचा मान द्यावा.

आणखी एक मुभा आवश्यक आहे. पुस्तक पुरे न झालेल्यालाही बैठकीस येता यावे. "वाचून झाले नाही म्हणून आलो नाही" असे ज्याने एकदा म्हटले, तो पुढील खेपेस दुसरे कारण सांगतो आणि तिसऱ्या खेपेस कारणही सांगत नाही. चाळीस पानांवर जो थांबला त्याने तो कोठे व का थांबला एवढेच सांगितले, तरी पुढचे पुस्तक निवडताना त्याचे ते सांगणे सर्वांत उपयोगी पडते. दोन बैठका न आलेल्या सभासदाला चालकाने भेटावे, त्याला जाब विचारू नये, आणि निवडीच्या वेळी त्याची आवड फळ्यावर सर्वांआधी लिहावी.

हे सर्व ज्याने मंडळात स्वतः अनुभवले, त्याच्या वर्गात काय बदल घडतो तेही पाहणे अवश्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावयास हवे. बहुतेक शाळांत निदान एक कपाट असते. त्याची किल्ली कोठे असते, हा खरा प्रश्न. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली त्यांतील पहिलेच असे की पुस्तके वापरण्यासाठी असतात. नकोसे पुस्तक गळ्यात पडले की मोठ्या माणसालाही कसे वाटते, हे ज्या शिक्षकाने मंडळात अनुभवले, तो चौथीच्या मुलापुढे पुस्तक टाकून "हे वाच" म्हणून निघून जाणार नाही. तो तीन पुस्तके मांडील, एकेक पान वाचून दाखवील, मागे बसणाऱ्या मुलीला आधी विचारील, आणि अर्धे सोडलेले पुस्तक परत करताना "कोठे कंटाळा आला?" असे रागावल्यावाचून पुसेल. त्या मुलीच्या उत्तरातून तिचे पुढचे पुस्तक निघेल.

म्हणून येत्या बैठकीपासून प्रत्येक मंडळाने आपल्या नोंदवहीत वाचलेल्या पुस्तकाच्या नावाखाली एक ओळ अधिक लिहावी: कोणता प्रश्न उरला. सहा महिन्यांनी या ओळी एकाखाली एक वाचल्या म्हणजे मंडळ कोणत्या वाटेने आले हे दिसेल. वाट दिसली नाही, केवळ पुस्तकांची नावेच दिसली, तर निवड घाईत झाली असे समजावे आणि पुढील बैठकीत ती वीस मिनिटे कसोशीने राखावीत.